दिवं लागायच्या आत कुटं बसायचं

त्या सकाळी पिंपरी पेंढारच्या आमच्या अंगणात कोण कोण व्हतं त्ये आधी सांगती. माजी आत्याबाई, म्हंजी सासू, चुलीम्होरं बसल्याली. माजं मालक टमाट्याची खोकी टेम्पोपातुर आणत व्हतं. माजी धाकली जाऊ ती उचलून वर देत व्हती. तिचा नवरा, माजा धाकला दीर, वर टेम्पोत उभा ऱ्हाऊन रचत व्हता. त्यांची पोरगी, दुसरीतली, दप्तर घिऊन दारात. टेम्पोवाला तंबाखू मळत. आन् मी. एवढीच माणसं. त्यातल्या आत्याबाई गेल्या, माजं मालक गेलं, टेम्पोवाला बी गेला. आमी तिघी बाया हाईत. दिराचं मला सांगता येत न्हाई.

टेम्पो दिराला घिऊन नारायणगावच्या मार्केटला गेला. माल इकला. दुपार कलल्यावर दीर टेम्पोवाल्याला म्हणला, "तू रिकामी खोकी घिऊन हो म्होरं. मी जरा बसतो. दिवं लागायच्या आत निघतो." आमच्यात बसतो म्हंजी काय त्ये कुणाला सांगावं लागत न्हाई. थोडी घ्यायची, जेवायचं, चार माणसांत बोलायचं. त्यो दारुडा न्हवता. बाजारच्या दिवशी घ्यायचा, तेवढीच. घरात भांडाण न्हवतं, अंगात दुखणं न्हवतं. त्यो बसला, आन् मंग त्यो आलाच न्हाई.

माज्या दिराला हाटेलाची पारख व्हती. गावातली माणसं बाजारला निघाली का त्याला इचारायची, "राव, आज कुटं बसायचं?" त्यो त्यांना आळेफाट्यावरची, नारायणगावची, मंचरची हाटेलं बसल्या जागी सांगायचा. घरी जेवाया बसला का आमालाबी सांगायचा. आमी दोघी जावा भाकरी थापता थापता ऐकायचो. आमी कवा हाटेलात पाय ठिवला न्हवता, चहाला सुदिक न्हाई, पण त्याच्या तोंडून समदी हाटेलं आमाला पाठ झाल्याली.

त्यो म्हणायचा, "वयनी, पाटी बघून जायाचं न्हाई. पाटी कुणीबी रंगवतं. दुधाच्या गाड्या कुटं थांबत्यात त्ये बघायचं. दूधवाला रोज त्याच रस्त्यानं जातो. एकदा फसंल, दोनदा फसंल, मंग थांबायचा न्हाई." रश्श्यावर बोटभर तेल दिसलं का उठायचं, खालचा रस्सा कालचा असतो. कांदा कापून ठिवल्याला नको, म्होरं आणून फोडला पाहिजे. आन् जायाचं त्ये सांजच्याला, दिवं लागायच्या आत. त्या येळंला रस्सा नुकता उतरल्याला असतो. हाटेल रिकामं दिसाया नको म्हणून मालक हासून बोलतो, चकणा फुकट देतो, बाटलीचा भाव बी उतरवतो. दिवं लागलं, गर्दी झाली, का त्योच मालक वळख देत न्हाई.

आत्याबाई चुलीपासनं म्हणायच्या, "एवढी पारख बैलाची असती तर दावणीला बरं जनावर दिसलं असतं."

"आये, बैल चकणा देत न्हाई," त्यो म्हणायचा.

आन् शेवटाला एक सांगायचा. बसल्यावर आधी वाढप्याला इचारायचं, जेवला का रं तू? जिथला वाढपी जेवल्याला असतो तितं निवांत बसायचं. उपाशी माणसानं वाढल्यालं अंगाला लागत न्हाई.

त्यो आला न्हाई तवा माजं मालक आन् भावकीतली माणसं लई दिस फिरली. चौकीवर सांगितलं. दवाखानं बघितलं. पार मढ गावापातुर, तिकडं घाटाच्या तोंडापातुर जाऊन आली. हाटेलात इचारलं तर जो त्यो म्हणायचा, रोज इतकी माणसं येत्यात, कुणाकुणाची तोंडं ध्यानात ठिवायची.

एक दिस जाऊ मला म्हणली, "बाई, बाप्यामाणसाला हाटेलवाला खरं सांगायचा न्हाई. त्याला वाटतं भांडाण लागंल, पोलीस येत्याल. आपुन जाऊ. बाईमाणसाला सांगंल."

"अगं, कुटलं हाटेल, काय हाटेल, आपल्याला काय कळतंय?"

"न कळायला काय झालं. वाईट हाटेलात ते बसायचं न्हाईत. चांगली तेवढीच बघायची."

मला वाटलं माजं मालक न्हाई म्हणत्याल. त्यांनी नुसती मान खाली घातली.

मंग आमी बाजारला मेथी-कोथमिरीच्या जुड्या घिऊन जायाचो. जुड्या इकल्या का शेवटची यष्टी सुटायच्या आत ह्ये काम करायचं. आमी रस्त्याच्या कडंला उभ्या ऱ्हायचो आन् दुधाच्या गाड्या कुटं वळत्यात त्ये बघायचो.

पयल्या हाटेलाचं सांगती. त्या सालात गावोगावच्या बाया दारूची दुकानं बंद कराया निघाल्या व्हत्या. आमी दोघी डोईवर पदर, काखंत रिकाम्या पाट्या, अशा दारात उभ्या ऱ्हायलो, तर आतली माणसं बाटल्या टेबलाखाली घालाया लागली. एक जण हातात गिलास घिऊन मागच्या दारानं गेला. मालक हात जोडून म्होरं आला.

"ताई, आमच्याकडं लायसन हाय. बाकीच्या बाया कुटं थांबिवल्यात?"

जाऊ म्हणली, "बाकीच्या कोण न्हाईत, भाऊ. आमी जेवाया आलोय."

"जेवाया?"

"हाटेलच हाय ना ह्ये?"

त्यानं आमाला फॅमिलीत बसवलं. फॅमिली म्हंजी एका कडंला प्लायवूड मारून केल्याल्या बारक्या खोल्या, म्होरं पडदा. आतलं माणूस बाहीर दिसत न्हाई आन् बाहीरचं आत दिसत न्हाई, पण बोलणं समदं ऐकू येतं. जावंनं वाढप्याला इचारलं, "जेवला का भाऊ?" त्यो म्हणला, "तुमी बक्षीस दिलं तर जेवीन." आमी मासवडी मागवली. दिराला तीच आवडायची. जावंनं पयला घास घेतला आन् मान हालवली.

"ह्ये न्हाई, बाई. त्यांनी सांगितल्याली मासवडी तोंडात इरघळती. हिच्यात खोबरंच न्हाई, नुसतं बेसन."

"अगं, आपुन माणूस हुडकाया आलोय."

"माणूसच हुडकती मी," ती म्हणली. मंग तिनं दिराचं वर्णन सांगून मालकाला इचारलं. मालक न्हाई म्हणला. तिला त्ये खरं वाटलं.

असं आमी लई हाटेलात बसलो. एकात रश्श्यावर तेल दिसलं, आमी पाणी पिऊन उठलो. एकात कांदा काळा पडल्याला. जाऊ शिनोलीची, तिच्या माहेरला जाताना मंचरला उतरून तिथलीबी दोन बघितली. माज्या मनात यायचं, ह्यी बाई नवऱ्याला हुडकती का नवऱ्यानं सांगितल्यालं जेवाण हुडकती. पण दोन्ही एकच व्हतं. आन् खरं सांगायचं तर भाकर आयती म्होरं यायची, कुणी वाढायचं, आपुन बसून खायाचं, ह्ये आमी जन्मात कवा बघितलं न्हवतं. जाऊ जेवताना कवा कवा हासायची. हासून झालं का लगीच तोंडावर पदर घ्यायची.

गावात बोललं जायाचं. "जावा जावा बारला निघाल्या," असं पाणवठ्यावर म्हणायचे. आमी ऐकून घेतलं.

मंग त्ये हाटेल घावलं. नारायणगावच्या बाहीर, निळ्या भिताडाचं, मागं कालवा. म्होरं दुधाच्या गाड्या. दिवं लागायला अजून येळ व्हता. वाढपी वाळल्याला, पिकल्याल्या मिशांचा. त्यानं पडदा सारून पाण्याचं तीन गिलास ठिवलं.

मी म्हणलं, "आमी दोघीच हाय."

त्यानं आत बघितलं. "तिघं आल्यासारखं वाटलं मला," असं म्हणला आन् तिसरा गिलास उचलाया लागला. जावंनं त्याचा हात आडवला. "ऱ्हाऊ द्या," म्हणली. मंग तिनं इचारलं, "जेवला का भाऊ तुमी?"

त्यो थांबला. तिच्या तोंडाकडं बघत ऱ्हायला.

"जेवलोय, ताई," त्यो म्हणला. "असं इचारणारं आणिक एक पावणं यायचं. टमाट्याच्या बाजारला यायचं. लई दिस झालं, दिसलं न्हाईत."

मी गिलास खाली ठिवला. जावंनं दिराची उंची सांगितली, कानातली भिकबाळी सांगितली, त्या दिवशीचा सदरा सांगितला. त्यो मान हालवत व्हता. म्हणला, हां, तेच. त्या दिवशी कोपऱ्यात बसलं. जेवलं. बिल दिलं. हात धुवायला मागं गेलं. मंग गर्दी झाली, म्या काय परत बघितलं न्हाई.

आमी उठून मागं गेलो. हात धुवायची मोरी, तिच्या पलीकडं चार हात जागा, आन् कालवा. पाणी भरून चाललं व्हतं, आवाज न करता. आमी तितं किती येळ उभ्या व्हतो त्ये ठावं न्हाई. वाढप्यानं जेवाण गार व्हतंय म्हणून हाक मारली.

माज्या मालकांनी कालव्याच्या कडंनं पार खालपातुर जाऊन इचारलं. पाटकरी, म्हंजी पाणी सोडणारा माणूस, म्हणला, "कालवा माणूस ठिवून घेत न्हाई. पाणी सोडायच्या कुटल्यातरी दारापाशी आडकवतो. माज्या दारापाशी तर कुणी आलं न्हाई." म्हंजी मेला म्हणावं तर मढं न्हाई, जिता म्हणावं तर माणूस न्हाई.

त्या दिसापासनं दुसरी हाटेलं संपली. बाजारच्या दिवशी आमी तितंच बसाया लागलो. त्योच पडदा, तीच मासवडी. ती मातर तोंडात इरघळायची. वाढपी न सांगता तीन गिलास ठिवायचा. तिसऱ्याला कुणी हात लावायचं न्हाई. सांजचं ऊन प्लायवूडच्या फटीतून त्या गिलासात पडायचं. पलीकडं माणसं बसायची, चकणा मागायची, हासायची, आन् जाऊ कान दिऊन ऐकायची. दिवं लागलं का आमी उठायचो.

वरसं गेली. आता बाजारला निघाल्याली माणसं जावंलाच इचाराया लागली. शेजारचा म्हातारा यष्टीत म्हणायचा, "सूनबाई, पावणं येणार हायेत, कुटं न्यावं?" ती म्हणायची, "मामा, फाट्यावर नका नेऊ, तिथला आचारी बदललाय." म्हातारा हासायचा, आन् लगीच त्याला आठवायचं का ह्यी बाई ह्ये कशी शिकली, मंग तिकीट चाचपायचा.

ती कुंकू लावायची. मंगळसूत्र घालायची. वटसावित्रीला वडाकडं जायाची, तवा कुणी तिच्याकडं सरळ बघायचं न्हाई.

आत्याबाईचं सांगायचं ऱ्हायलं. त्या थकल्या तसं त्यांना दिवेलागणीला लेक दिसाया लागला. दारात दिवा ठिवला का म्हणायच्या, "त्यो बघ, कडंला उभा हाय. आत ये म्हणती तर येत न्हाई. भुका हाय त्यो."

जाऊ म्हणायची, "आत्याबाई, ते भुकं कसं ऱ्हात्याल. त्यांना हाटेलं ठावी हाईत."

मी उंबऱ्यापातुर जाऊन बघायची. कुणी नसायचं. पण आमचं कुत्रं त्याच कोपऱ्याकडं तोंड करून बसल्यालं असायचं, त्ये मी बघितलंय.

पोरगी मोठी झाली. चांगलं ठिकाण आलं. मुलाकडच्यांनी सरळ इचारलं, वाकडं न्हाई. "पोरीचा बाप हाय का न्हाई? असंल तर मांडवात बसू द्या. नसंल तर तसं सांगा. अधांतरी नको." भावकी बसली. भटजी म्हणले, बारा वरसं उलटल्यात, आता पुतळा करता येतो. आमच्यात अशी रीत हाय. माणूस गेला आन् बारा वरसं त्याचा ठाव लागला न्हाई, तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ लावायचा, आन् त्याला अग्नी द्यायचा. मंग दहावं, तेरावं. मंग बायकोचं कुंकू पुसायचं. आन् एकदा अग्नी दिला का त्यो माणूस गेला. मागनं चालत आला तरी गेला.

आत्याबाई म्हणल्या, "करा. माज्या लेकराला वाट द्या." समदी जावंकडं बघाया लागली. ती म्हणली, "करा. पण आधी बाजार हुन जाऊ द्या."

पुतळ्याच्या आदल्या दिवशी बाजार व्हता. आमी दोघी गेलो. जुड्या नेल्या न्हाईत. निळ्या भिताडाच्या हाटेलात पडद्याआड बसलो. जुना वाढपी तवा गावी निघून गेल्याला, नवा आल्याला. त्यानं दोनच गिलास ठिवलं. जावंनं तिसरा मागितला न्हाई. ऊन खाली आलं व्हतं. मासवडी आली. आमी पयला घास घेतला.

प्लायवूडच्या पलीकडं खुर्ची सरकली. माणूस बसल्याचा आवाज आला. मंग नवा वाढपी तिकडं गेला, आन् त्यो माणूस म्हणला, "जेवला का रं तू?"

आवाज थकल्याला व्हता. पण दीर 'रं' लांबवायचा तसाच लांबवला. मी उठले. पडद्याला हात घातला.

जावंनं माजं मनगट धरलं. शेतात काम करणारी बाई, तिच्या हातात जोर व्हता.

"बसा, बाई," ती म्हणली. हळू, पलीकडं जाऊ नये असं.

"अगं, त्यो..."

"बसा."

मी बसले. पलीकडं कांदा फोडल्याचा आवाज आला. जाऊ ताटाकडं बघत व्हती. घास चावत न्हवती, नुसता तोंडात धरून बसल्याली. तिच्या कपाळाचं कुंकू घामानं खाली आलं व्हतं. तिनं माजं मनगट सोडलं न्हाई. पलीकडचा माणूस जेवत व्हता, सावकाश. मंग खुर्ची मागं सरली. चपला मागच्या अंगाला वाजत गेल्या, मोरीकडं.

बाहीर दिवं लागलं.

आमी म्होरच्या दारानं निघालो. निघताना मी त्या टेबलाकडं बघितलं. ताट पुसून खाल्ल्यालं, फोडल्या कांद्याच्या पाकळ्या, पाणी अर्धं. मागं कुणी दिसलं न्हाई. जावंनं तिकडं बघितलंच न्हाई.

यष्टीत मी तिला म्हणलं, "त्यो असंल तर?"

"असत्याल तर त्यांना घर ठावं हाय," ती म्हणली. आन् खिडकीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी पुतळा केला. पळसाची पानं मीच निवडून दिली. त्याला दिराचा जुना सदरा घातला. तिरडी उचलली तर बिनमाणसाचं मढं ते, कापसागत हलकं. खांदेकरी भराभर चालाया लागले. मालक म्हणलं, "दमानं चला रं. माणूस हाय." नदीवर मालकांनी अग्नी दिला. वला पळस चरचरला आन् धूर पार मळ्यापातुर गेला. घरी बायांनी जावंचं कुंकू पुसलं. ती रडली न्हाई. दहाव्याला कावळा लगीच शिवला, समद्यांना बरं वाटलं. मला काय वाटलं न्हाई. कावळ्याला भूक असतीच.

आत्याबाई त्या दिसापासनं दारात कुणी उभा हाय म्हणाया थांबल्या. कुत्रं मातर तसंच बसायचं.

पोरीचं लगीन झालं. चांगलं चाललंय तिचं. माजं मालक गेल्यावर एकदा मी एकलीच त्या हाटेलात जाऊन आले. नवा वाढपी व्हता तितं. म्हणला, "मावशी, सांजच्याला असं इचारणारं येतं कोण कोण. तोंड कुणाचं ध्यानात ठिवू?" मंग रस्ता मोठा झाला आन् त्ये हाटेल पाडलं.

जाऊ आता लेकीकडं ऱ्हाती. मी कवातरी जाती. एकदा तिला इचारलं, "त्या सांजचं तुला काय वाटतं गं?" ती तांदूळ निवडत व्हती. म्हणली, "कुटल्या सांजचं?" मी परत इचारलं न्हाई. तिनं त्ये कुटं ठिवलंय त्ये तिचं तिला ठावं. माजं मातर तिच्यासारखं न्हाई. मी रोज दिवा लावती आन् माजं मनगट दुखतं. आमी त्या दिवशी कुणाला जाळलं, त्ये मला कळत न्हाई.

म्हणून वाचणाराला एवढंच सांगती. पुतळ्याच्या आदल्या सांजला नारायणगावच्या बाहीर निळ्या भिताडाच्या हाटेलात, फॅमिलीच्या शेजारच्या टेबलावर तुमी बसला असाल, वाढप्याला जेवला का म्हणून इचारलं असंल, जेवून मागं हात धुवायला गेला असाल, तर पिंपरी पेंढारला माज्याकडं या. जावंकडं जाऊ नका. मला एवढं सांगा का, मावशी, त्यो मी व्हतो.